जुन्या होडीला नवे इंजिन : वरळीच्या बंदरातला एक हिशेब

श्रावण जवळ आला की वरळी कोळीवाड्यात शाकारून ठेवलेल्या होड्यांवरचे आच्छादन दूर होऊ लागते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, आणि परंपरेने दर्याची वाट मोकळी होते ती नारळी पौर्णिमेला. या मधल्या काळात जाळी दुरुस्त होतात, फळ्यांच्या फटी बुजवल्या जातात, होडीला रंग लागतो. वर्षानुवर्षे धडधडत आलेले जुने इंजिन उतरवून त्याच्या जागी दुसरे बसवायचे असेल, तर तेही याच दिवसांत करावे लागते. एकदा हंगाम सुरू झाला की होडी किनाऱ्यावर ठेवणे म्हणजे चूल थंड ठेवणे.

वरकरणी हे काम सोपे वाटते. चार बोल्ट सोडवायचे, जुने उचलायचे, नवे ठेवायचे आणि बोल्ट पुन्हा आवळायचे. प्रत्यक्षात होडीचे इंजिन हा सुटा भाग नसतो. इंजिन, गिअरपेटी, शाफ्ट, पंखा आणि होडीचा सांगाडा या पाच गोष्टी मिळून एक यंत्र होते. त्यांतली एक बदलली की उरलेल्या चार तपासाव्या लागतात. ही तपासणी टाळल्यामुळे नवे कोरे इंजिन पहिल्याच हंगामात निकामी झाल्याच्या कहाण्या कोणत्याही बंदरावर ऐकायला मिळतात.

वरळीत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. क्लीव्हलँड बंदरातून बाहेर पडणाऱ्या होडीच्या वाटेत खडक आहेत, वांद्रे-वरळी सागरी सेतूचे खांब आहेत आणि आता सागरी किनारा मार्ग त्या सेतूला जोडणारा पूलही आहे. या जोडपुलाच्या मूळ आराखड्यात दोन खांबांमधील अंतर ६० मीटर होते. कोळी बांधवांनी १६० मीटरची मागणी केली. दीर्घ आंदोलनानंतर एक खांब वगळून १२० मीटरचा तोडगा निघाला आणि २०२४ मध्ये त्या जागी कमानीची मोठी तुळई बसवण्यात आली. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला १२० मीटर पुष्कळ वाटतात. पण वारा आडवा आहे, ओहोटीचा ओढ जोरात आहे आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिनाने दम सोडला, तर होडीला थांबवणारा ब्रेक नसतो. ती ओढ नेईल तिकडे जाते. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतील फरक चार मीटरांहून अधिक असतो, हे लक्षात घेतले म्हणजे त्या मागणीमागचा हिशेब कळतो. इंजिन भरवशाचे असणे ही येथे सोयीची बाब नाही.

मुळात इंजिन बदलायचे का, हा पहिला प्रश्न, आणि घाईत तोच विसरला जातो. डिझेल इंजिनाचे धूर ओकणे हे नेहमीच मरणाचे लक्षण नसते. काळा धूर म्हणजे बहुधा भार जास्त किंवा हवा कमी, निळा धूर म्हणजे वंगण तेल जळत आहे, पांढरा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा पाणी आत शिरले आहे. लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलून, व्हॉल्व्ह घासून अनेक जुनी एक-दोन सिलिंडरची इंजिने पुन्हा उभी राहतात. कमी फेऱ्यांची, ओतीव लोखंडाची ही जड इंजिने दुरुस्तीला सोशीक असतात आणि त्यांचा मेकॅनिक बंदरावरच सापडतो. उलट ब्लॉकला तडा गेला असेल, क्रँकशाफ्ट झिजून मापाबाहेर गेला असेल किंवा सुटे भाग मिळेनासे झाले असतील, तर त्यावर पैसा ओतण्यात अर्थ नाही. आणि होडीचाच तळ कुजला असेल तर? मग नव्या इंजिनाचा विचारही करू नये. आधी होडी, मग इंजिन, हा क्रम जुने नाखवा कटाक्षाने पाळत आले.

बर्फाच्या प्रदेशांत अंगणातील बर्फ उडवणारी घरगुती यंत्रे असतात. त्यांचे इंजिन गेले तर तेथील माणूस दुकानातून तेवढ्याच ताकदीचे दुसरे आणून बसवतो आणि बहुधा ते बसते. कारण त्या लहान पेट्रोल इंजिनांत शाफ्टचा व्यास पाऊण इंच किंवा एक इंच अशा ठराविक मापांचा आणि बोल्टांच्या छिद्रांची मांडणीही बरीचशी प्रमाणित असते. तरीही शाफ्टची उंची, लांबी आणि पट्ट्याची पुली जुळते का हे पाहावेच लागते. होडीच्या बाबतीत असे प्रमाणीकरण जवळपास नाहीच. इंजिन एका कारखान्याचे, गिअरपेटी दुसऱ्याची, शाफ्ट कोण्या लेथवाल्याने घडवलेला आणि होडी सुताराच्या नजरेच्या मापाने बांधलेली. मापे घेतल्यावाचून इंजिन विकत घेणारा माणूस चप्पल न मोजता पायच कापून घेण्याच्या वाटेवर असतो.

ताकद किती हवी, यावर बंदरात सर्वांत जास्त वाद होतात आणि सर्वांत जास्त पैसाही येथेच वाया जातो. पाणी कापत जाणाऱ्या होडीचा वेग तिच्या पाण्यातील लांबीने बांधलेला असतो. लांबी फुटांत घेऊन तिचे वर्गमूळ काढायचे आणि १.३४ ने गुणायचे, म्हणजे नॉटमध्ये मर्यादा मिळते. पाण्यात २५ फूट लांबी असलेल्या होडीसाठी हा आकडा ६.७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे १२ किलोमीटर येतो. त्यापुढे होडी स्वतःच उठवलेल्या लाटेचा चढ चढू लागते. या मर्यादेच्या आतही लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाने वाढते. पाच नॉटवरून सहा नॉटवर जायचे तर वेग एक पंचमांशाने वाढतो, पण शक्ती सुमारे पावणेदोनपट लागते. म्हणूनच १० अश्वशक्तीच्या जागी २० अश्वशक्ती बसवली म्हणजे होडी दुप्पट धावेल ही समजूत खोटी आहे. ती थोडीशी पुढे सरकेल आणि टाकी मात्र भराभर रिकामी होईल. भरलेल्या होडीच्या वजनावर दर टनाला चार-पाच अश्वशक्ती हे प्रमाण अशा संथ होड्यांना बहुधा पुरते.

डिझेल इंजिनाला पूर्ण भारावर दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटर इंधन लागते. म्हणजे १० अश्वशक्तीला तासाला अडीच लिटर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने लहान मासेमारी नौकांच्या इंधनबचतीवर २०१२ मध्ये एक पुस्तिका काढली. तिचे लेखक ओइविंद गुलब्रांडसेन या नॉर्वेजियन नौकाआरेखकाने भारतीय किनाऱ्यावरही बरीच वर्षे काम केले होते. त्या पुस्तिकेचा भर नव्या इंजिनापेक्षा वेग आवरण्यावर आहे. वेग एक पंचमांशाने उतरवला तर घनाच्या नियमाने लागणारी शक्ती जवळपास निम्म्यावर येते. बाजार गाठण्याच्या घाईत हा सल्ला पाळणे कठीण, हेही खरेच.

अश्वशक्तीचा आकडा वाचतानाही सावध राहावे लागते. जाहिरातीत छापलेली शक्ती अनेकदा थोड्या वेळापुरती मिळणारी कमाल शक्ती असते. रस्त्यावरचा ट्रक बोरघाट चढताना जोर लावतो आणि माथ्यावर पोहोचला की मोकळा श्वास घेतो. होडीला माथा नसतो. बंदर सोडल्यापासून परतेपर्यंत तिचा घाट चालूच असतो. त्यामुळे अखंड भारावर कारखाना किती शक्तीची हमी देतो, तोच आकडा धरायचा.

आता पंखा. प्रॉपेलरला कोळ्यांच्या बोलण्यात पंखाच म्हणतात, आणि नव्या इंजिनाचे नशीब खरे तर त्याच्याच हाती असते. पंख्याची दोन मापे असतात, व्यास आणि पिच. पिच म्हणजे लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा एका फेऱ्यात जितका पुढे गेला असता ते अंतर. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा लहान आणि वेगाने फिरणाऱ्या पंख्यापेक्षा इंधनाचे अधिक चीज करतो. जुनी इंजिने मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या आसपास चालणारी असत. आजची हलकी इंजिने तीच अश्वशक्ती ३००० फेऱ्यांवर देतात. कागदावर दोन्ही १० अश्वशक्तीचीच. पण जुन्या इंजिनाला दोनास एक प्रमाणाची गिअरपेटी असेल, तर पंखा ७५० फेरे घेत होता. तीच पेटी नव्या इंजिनाला जोडली तर तो १५०० फेरे मागू लागतो. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाने वाढते, म्हणजे दुप्पट फेऱ्यांना आठपट शक्ती. १० अश्वशक्तीचे इंजिन ८० कुठून आणणार? ते आपल्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. कुंथत राहते, काळा धूर सोडते, तापते आणि काही महिन्यांत पिस्टन धरते. दोष मात्र कारखान्याला दिला जातो.

यावर उपाय दोन. एक तर चारास एक प्रमाणाची गिअरपेटी घ्यायची, म्हणजे पंखा पूर्वीप्रमाणेच ७५० फेरे घेईल आणि जुना पंखा व शाफ्ट तसेच चालतील. किंवा मग लहान व्यासाचा आणि कमी पिचचा पंखा बसवायचा, म्हणजे काम भागेल पण इंधन जास्त जाईल. पहिला उपाय खर्चिक, तरी काही हंगामांत भरून निघणारा. शक्तीही वाढवायची असेल तर शाफ्टची जाडी नव्याने तपासावी लागते, कारण शाफ्टवर येणारा पीळ वाढतो.

फिरण्याची दिशा हा आणखी एक सापळा. काही गिअरपेट्या इंजिनाची दिशा तशीच पुढे देतात, काही उलटवतात. पंखाही उजव्या किंवा डाव्या वळणाचा असतो. सगळे बसवून झाले, नारळ फोडला, गिअर पुढे टाकला आणि होडी दिमाखात मागे सरकली, असा प्रसंग हसण्यावारी नेला जातो. पण त्यानंतर काही जण मागचा गिअर टाकून पुढे जात राहतात, ते हसण्यासारखे नाही. अनेक गिअरपेट्यांचा मागचा गिअर सतत भार सोसण्यासाठी बनवलेलाच नसतो. अशा वेळी विरुद्ध वळणाचा पंखा घेणे हाच सरळ मार्ग.

दारुखान्यात किंवा कुर्ल्याच्या भंगारबाजारात ट्रकची जुनी इंजिने स्वस्तात मिळतात आणि ती होडीत बसवण्याचा मोह अनेकांना होतो. इंजिन चालू होते यात शंका नाही. अडचण पुढे आहे. पंखा पाणी मागे लोटतो तेव्हा होडीला पुढे ढकलणारा सगळा दाब शाफ्टमार्गे गिअरपेटीवर येतो. सागरी गिअरपेटीत तो दाब पेलणारे खास बेअरिंग असते. ट्रकच्या गिअरपेटीत नसते, कारण रस्त्यावर तशी गरजच पडत नाही. वेगळे थ्रस्ट बेअरिंग न लावता ट्रकची पेटी वापरली तर ती आतून खात जाते. शिवाय ट्रकचा रेडिएटर समोरून येणाऱ्या वाऱ्यावर विसंबलेला. होडीच्या बंद पेटीत वारा कुठला?

थंडाव्याची व्यवस्था हे तर वरळीसारख्या ठिकाणचे खास दुखणे आहे. जुन्या इंजिनांत समुद्राचे पाणी थेट ब्लॉकमधून फिरवले जाई. ते फार तापू दिले की क्षार आत बसतात आणि वाटा बुजतात, म्हणून अशी इंजिने मुद्दाम थंड चालवावी लागत. नव्या पद्धतीत इंजिनाच्या आत गोडे पाणी फिरते आणि समुद्राचे पाणी फक्त शेजारच्या नळ्यांच्या पेटीतून जाऊन त्या गोड्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. इंजिनाचे आयुष्य वाढते. तथापि दोन्ही पद्धतींत समुद्राचे पाणी आत घेणारे तोंड मोकळे असावे लागते, आणि मुंबईच्या किनाऱ्यावरील पाण्यात प्लास्टिकच्या पिशव्यांची कमतरता नाही. एक पिशवी त्या तोंडाला चिकटली की काही मिनिटांत इंजिन तापते. म्हणून नवे इंजिन बसवतानाच मोठी गाळणी, ती उघडून साफ करता येईल अशा जागी, आणि तापमान वाढताच वाजणारी घंटा बसवून घेणे शहाणपणाचे. घंटेचा खर्च इंजिनाच्या मानाने नगण्य असतो. तरी ती बहुतेक होड्यांत दिसत नाही.

इंजिन ज्यावर बसते ते लाकडी पाट जुन्या इंजिनाच्या मापाने घडवलेले असतात. नव्याचे पाय त्यावर येतीलच असे नाही. जुनी भोके बुजवून शेजारीच नवी पाडली तर लाकूड तेथेच फाटते. अशा ठिकाणी पोलादी पट्टी किंवा कोनाची चौकट मध्ये घालून भार पसरवावा लागतो. एका सिलिंडरचे इंजिन फार हादरते म्हणून काही जण रबरी पाय वापरतात. मग इंजिन हलणार आणि शाफ्टचा मागचा टप्पा घट्ट राहणार, याचा विचार करून मधला सांधा लवचीक घ्यावा लागतो.

या सगळ्यात कौशल्याचे काम म्हणजे इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत आणणे. शाफ्ट आधी त्याच्या नळीत मध्यावर ठेवायचा आणि मग इंजिन त्याच्याकडे न्यायचे. शाफ्ट इंजिनाकडे ओढायचा नसतो. कपलिंगच्या दोन तबकड्या एकमेकींजवळ आणून त्यांच्यातील फट वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी चार ठिकाणी फीलर गेजने मोजतात. चार इंच व्यासाच्या तबकडीत या मापांत इंचाच्या चार सहस्रांशांपेक्षा, म्हणजे एका कागदाच्या जाडीपेक्षा जास्त फरक नसावा. पायांखाली पातळ पत्रे सरकवून तो काढायचा. हात अनुभवी असला तरी यात सबंध दिवस जातो.

पण हे माप किनाऱ्यावर घेऊन भागत नाही. दोन महिने कोरड्यावर राहिलेली लाकडी होडी आकसलेली असते. पाण्यात गेल्यावर फळ्या फुगतात, शिवाय टेकूंवरचा भार सुटून सांगाडा किंचित वेगळा बसतो. काठावर अचूक जुळवलेली रेषा पाण्यात चुकते. म्हणून होडी उतरवल्यावर दोन-चार दिवस जाऊ द्यायचे, कपलिंग सोडून फट पुन्हा मोजायची आणि मगच बोल्ट कायमचे आवळायचे. नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी होडी पाण्यात लोटणाऱ्याला ही उसंत मिळत नाही. मग बेअरिंग झिजते, ग्लँडमधून पाणी येऊ लागते आणि ते थांबवण्यासाठी ग्लँड इतकी आवळली जाते की शाफ्टच कापला जातो. चालू शाफ्टच्या ग्लँडमधून अधूनमधून थेंब पडणे हेच तिच्या प्रकृतीचे लक्षण असते. फायबरच्या होडीत फुगण्याचा प्रश्न येत नाही, तरी पाण्यात फेरतपासणी टळत नाही.

वजनाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जुने धूड निघाले आणि त्याच्या निम्म्या वजनाचे इंजिन आले, की होडीचा मागचा भाग वर उचलला जातो. पंखा पृष्ठभागाजवळ येतो, लाटेत हवा ओढू लागतो आणि इंजिनाचे फेरे अचानक वाढतात. होडी जास्त डोलू लागते ते वेगळेच. हलके इंजिन ही सुधारणा असली तरी जुन्या होडीचा तोल जड इंजिन गृहीत धरून साधलेला असतो. तेवढे वजन वाळूच्या गोण्यांनी किंवा टाकी मागे सरकवून परत द्यावे लागते.

टाकीचेही तसेच. जुन्या टाकीच्या तळाशी वर्षांचा गाळ, गंज आणि पाणी साचलेले असते. जुना पंप ते कसेबसे पचवत आला. नव्या इंजिनाचा इंधनपंप आणि नोझल अतिसूक्ष्म मापांचे असतात आणि मूठभर गाळाने त्यांचा निकाल लागतो. टाकी उतरवून धुणे आणि पाणी वेगळे करणारी गाळणी बसवणे ही दोन कामे इंजिनाच्या किमतीतच धरायला हवीत. विजेवर सुरू होणारे इंजिन घेताना हाताने फिरवून सुरू करण्याची सोय आहे का, हेही पाहावे. बॅटरी आणि खारे पाणी यांचे फारसे जमत नाही.

लहान होड्यांना मागच्या फळीवर बाहेरून लावायची यंत्रे असतात. त्यांची अदलाबदल पुष्कळच सोपी. तेथे मुख्य माप पायाच्या लांबीचे. आखूड पाय १५ इंची, लांब २० इंची, त्याहून लांब २५ इंची. फळीच्या उंचीशी हे जुळले नाही तर पंखा एकतर हवा ओढतो किंवा खोल जाऊन यंत्र पाण्यात भिजते. दोन फटक्यांची जुनी यंत्रे डिझेलच्या मानाने दर अश्वशक्तीमागे साधारण दुप्पट इंधन पितात, हा हिशेब वेगळा मांडावा.

कागदपत्रांचे काम कंटाळवाणे असले तरी अटळ आहे. नौकेच्या नोंदणीत इंजिनाचा प्रकार, क्रमांक आणि अश्वशक्ती नमूद असते. इंजिन बदलले की मत्स्यव्यवसाय विभागाकडे ही नोंद बदलून घ्यावी लागते. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अतिरेकी समुद्रमार्गे आले, त्यानंतर नौकांची तपासणी कडक झाली. कागदावर एक क्रमांक आणि होडीत दुसरा असेल तर भर समुद्रात खुलासा देत बसावे लागते, आणि विमा किंवा डिझेलवरील कराचा परतावा यांतही अडथळा येतो. बिलाशिवाय घेतलेल्या जुन्या इंजिनाची नोंद कशी होणार, याचा विचार विकत घेण्यापूर्वीच केलेला बरा. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अनुदानाचे सर्वसाधारण प्रमाण ४० टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के ठेवण्यात आले. जुन्या इंजिनाची बदली त्यात बसते की नाही, हे मच्छीमार संस्थेच्या कार्यालयात आधी विचारून घ्यावे.

शेवटी चाचणी. गोल्फादेवीला नमस्कार करून होडी बाहेर काढली जाते, तेव्हा ती रिकामी नेण्याचा मोह टाळावा. जाळी, बर्फ आणि माणसे यांचे नेहमीचे ओझे घेऊनच ती पाहायची. मोकळ्या पाण्यात पूर्ण जोर द्यायचा आणि फेरे मोजायचे. कारखान्याने सांगितलेल्या कमाल फेऱ्यांपर्यंत इंजिन पोहोचत नसेल तर पंखा मोठा आहे, सहज ओलांडत असेल तर लहान आहे. धुराचा रंग पाहायचा, गाळणीतले पाणी पाहायचे, ग्लँडवर हात ठेवून ती तापते का हे पाहायचे. हे सारे भरतीच्या वेळी आणि खांबांपासून दूर करायचे, सोबतीला दुसरी होडी ठेवून. पहिल्या ५० तासांनंतर तेल बदलतात, पायांचे बोल्ट पुन्हा आवळतात आणि कपलिंगमधली फट आणखी एकदा मोजतात. तोवर जुने इंजिन भंगारात न देता पडवीत झाकून ठेवणारे नाखवाही आहेत.